सर्जेरावांची हरकत

वाळूजच्या त्या प्रेसशॉपमध्ये कुणाचं काही अडलं की पोरं म्हणायची, "मामाला सांगा." कुणाची रजा कापली गेलेली असायची, कुणाला बहिणीच्या लग्नाला जायचं असायचं आणि सुपरवायझर दाद देत नसायचा. मग मामा, म्हणजे सर्जेराव, मशीन बंद करून, हात पुसून केबिनकडे निघायचे. भांडायला नव्हे, भांडण त्यांच्या रक्तातच नव्हतं. दारात उभं राहायचं, "शेठ, जरा बोलू का?" म्हणायचं आणि इतक्या सावकाश, इतक्या समजुतीनं सांगत सुटायचं की ऐकणाऱ्याला नाही म्हणायला फट सापडू नये. शेडमध्ये युनियन नव्हती. पन्नास-साठ माणसांच्या कारखान्यात युनियन काढणार कोण, आणि काढलीच तर दुसऱ्या दिवशी त्याला गेटातून आत घेणार कोण? सर्जेरावांचा सावकाशपणा हीच काय ती तिथली युनियन.

अशा माणसाची जीभ जिथं चालायलाच हवी होती, नेमकी तिथं अडली. त्याचीच ही गोष्ट.

सर्जेराव मूळचे बिडकीनकडचे. बाप सालगडी. मिसरूड फुटायच्या वयात ते वाळूजला आले, तेव्हा आप्पासाहेब नावाच्या गृहस्थांनी पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांचे सुटे भाग दाबून काढणाऱ्या दोन प्रेस मशिनी टाकल्या होत्या आणि त्यांना हाताखाली माणूस हवा होता. आप्पासाहेब गेले, मुलगा इंद्रजीत कारभार बघू लागला, शेड वाढली, सर्जेरावांचे केस पिकले. पण हाताची बोटं दहाच्या दहा शाबूत राहिली. प्रेसवर उभं आयुष्य काढलेल्या माणसानं ही गोष्ट खुशाल मिरवावी.

बजाजनगरात त्यांच्या दोन खोल्या. बायको चंपाबाई, मुलगी विशाखा. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर. विशाखा लहान होती तेव्हा सर्जेराव पहिल्या पाळीहून उन्हं असतानाच घरी यायचे, तिला सायकलच्या दांड्यावर बसवून मैदानाकडे न्यायचे आणि वाटेत न चुकता सांगायचे, "पोरी, ही संध्याकाळ आपल्याला कुणी फुकट नाय दिली. आठ तासांची ड्युटी बाबासाहेबांनी आणली, म्हणून मी आत्ता तुझ्यासंगं हाये." पोरीला ते इतकं पाठ झालं की पुढं तीच म्हणायची आणि सर्जेराव हसायचे.

विशाखा बीएस्सी झाली. नोकरी कुठं लागते म्हणता? वर्षभर अर्ज करून शेवटी गाड्यांच्या वायरिंगच्या कारखान्यात लागली. सकाळची पाळी करायची, चारला घरी यायची, तोंड धुऊन चहा घ्यायची आणि विहारात जायची. तिथं ती वस्तीतल्या दहावीच्या पोरापोरींना गणित शिकवायची. फी नाही, पाटी नाही. बीजगणिताचं नाव काढलं तरी ज्यांना कापरं भरायचं ती पोरं तिच्यापुढं बसली की म्हणायची, "एवढंच व्हय, ताई?" त्या दीड-दोन तासांत विशाखाचा चेहराच निराळा दिसायचा. कारखान्यात ती दिवसभर तारा जोडायची. माणूस म्हणून ती जी काही होती ती विहारात होती. सर्जेरावांना हे कुणी सांगायची गरज नव्हती. कधीमधी ते विहाराच्या पायरीवर जाऊन नुसते बसायचे आणि आतलं ऐकायचे. गणितातलं ओ की ठो कळत नसे, तरी बसायचे.

आता कायद्याचं. कायदा कसा होतो ते शाळेच्या पुस्तकात असतं: मसुदा निघतो, राजपत्रात येतो, लोकांच्या हरकती मागवतात, सभागृहात चर्चा होते, वगैरे. वाळूजमध्ये तो व्हॉट्सॲपवर येतो. आधी अफवा म्हणून, मग बातमी म्हणून, आणि शेवटी गेटाशेजारच्या फलकावर कागद म्हणून. त्या तिन्हींमध्ये आपण नेमकं कुठं बोलायचं होतं, हे कामगाराला कागद लागल्यावर कळतं.

या वेळी अफवा फकिरानं आणली. फकिरा सर्जेरावांच्या शेजारच्या प्रेसवरचा तरुण गडी. जेवणाच्या सुटीत त्यानं मोबाइल पुढं केला. दिवसाचं काम बारा तासांपर्यंत नेता येईल असा मसुदा निघाला होता. आठवड्याचे तास तेवढेच राहतील, वरच्या तासांना दुप्पट पैसे मिळतील, आणि हे सगळं कामगाराच्या संमतीनंच होईल, असं त्यात मोठं गोड लिहिलेलं होतं.

"मामा, संमती म्हंजी? आपण नाय म्हणलं तर?"

"तर काय, उद्यापासून येऊ नको म्हणतेन," सर्जेराव म्हणाले आणि डबा झाकला. फकिराला सांगितलं नाही, पण त्यांच्या डोळ्यांपुढं विहार आलं होतं. बारा तासांची पाळी आणि जायचा-यायचा वेळ धरला तर पोरगी घरी यायची ती रात्रीच. गणिताचा वर्ग मग कुणी घ्यायचा?

इंद्रजीत काही दुष्ट नव्हता. खोटं कशाला बोला? शेडचा माल ज्या मोठ्या कंपनीला जायचा ती संध्याकाळी निरोप धाडायची की सकाळी एवढा माल हवा. उशीर झाला की दंड, आणि नाही म्हटलं तर पुढची ऑर्डर दुसऱ्याला. नंतर आठवडाभर मशिनींवर धूळ बसायची. "काका, मला काय हौस आहे का?" तो सर्जेरावांना म्हणाला होता. "वरून दट्ट्या येतो, तोच मी खाली देतो. तास वाढवायची मुभा मिळाली तर निदान चोरून काम करायला नको." त्याच्या बाजूनं पाहिलं तर तेही खरंच होतं. सर्जेरावांची हीच खोड होती. त्यांना दुसऱ्याची बाजू फार लवकर दिसायची.

मग मसुद्यावर चर्चा करायला उद्योजकांच्या एका मंडळानं बैठक ठेवली. मुंबईहून सरकारातले मोठे साहेब येणार होते. कामगारांचंही म्हणणं ऐकलं पाहिजे म्हणून दोन-चार कारखान्यांतून एकेक माणूस बोलवायचं ठरलं, आणि इंद्रजीतनं सर्जेरावांचं नाव दिलं. शेडमध्ये दिवाळी झाली. पोरांनी त्यांना चहा पाजला. फकिरा म्हणाला, "मामा, केबिनमधी बोलता तसंच बोला. बास. साहेबाला नाय म्हणायला जागाच राह्यची नाय."

सर्जेराव तयारीला लागले. गाडीवरून जाताना ओठ हलायचे. दाढी करताना आरशाशी बोलणं चालायचं. चंपाबाई आतून म्हणायच्या, "आरशाला कशाला सांगता? तो काय कायदा करणारे का?" आणि स्वतःच हसायच्या. विशाखानं बैठकीसाठी सुटी काढली, आपली मैत्रीण दीपमाला हिलाही काढायला लावली. बाहेरच्यांनी मागं बसून ऐकायला हरकत नव्हती. कारखान्यातल्या सगळ्या पोरींना तिनं सांगून ठेवलं होतं की आपले बाबा साहेबांपुढं बोलणार आहेत.

बैठकीचा हॉल गार होता. पुढं सोफे, मागं खुर्च्या, व्यासपीठावर फुलं. आणि आपल्याकडं चार माणसं जमली की आधी सत्कार, मग काम. मयताच्या सभेत करत नाहीत एवढंच. साहेबांचा झाला, मंडळाच्या अध्यक्षांचा झाला. मग निवेदक म्हणाला, "आज आपल्यात एक असं व्यक्तिमत्त्व आहे, ज्यांनी आप्पासाहेबांच्या काळापासून..." सर्जेरावांना वाटलं, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत. मागच्यानं ढोसलं तेव्हा ते उठले.

शाल इंद्रजीतनं स्वतःच्या हातानं घातली. इथवर ठीक होतं. पण शाल घालून तो खाली वाकला आणि भरल्या हॉलमध्ये त्यानं सर्जेरावांच्या पायाला हात लावला. ते नाटक नव्हतं. पोरगं त्यांच्या अंगाखांद्यावर खेळलेलं होतं. टाळ्यांचा नुसता पाऊस. साहेब उठून उभे राहिले, त्यांनी हात मिळवला, शेजारी सोफ्यावर जागा करून दिली. चहा आला. सोनेरी काठाची कपबशी साहेबांना तीच, सर्जेरावांनाही तीच.

आणि सर्जेरावांना बाप आठवला. मालकाच्या ओट्याच्या कोनाड्यात बापाची कपबशी वेगळी ठेवलेली असायची, कान तुटलेली. चहा वरून ओतायचे. पिऊन झाला की बाप ती स्वतः धुऊन परत कोनाड्यात ठेवायचा. त्या बापाचा मुलगा आज मालकांच्या रांगेत बसून मालकांचा चहा पीत होता. छाती भरून आली. या क्षणाला हसणाऱ्यानं हसावं. ज्याच्या घरात तसली कपबशी नव्हती त्याला हे कळायचं नाही.

नेमकं तेव्हाच निवेदक म्हणाला, "आता सर्जेरावांनी कामगारांच्या वतीनं दोन शब्द बोलावेत."

ते माइकपुढं उभे राहिले. पाठ केलेलं सगळं जिभेवर होतं. पण समोर इंद्रजीत बसला होता, डोळे पुसत. ज्यानं आत्ता पायाला हात लावला, त्याच्याच तोंडावर, त्याच्याच पाहुण्यांपुढं, तुमचं हे आम्हाला मान्य नाही म्हणायचं? पान घेऊन उठायचं आणि यजमानाच्या दारात पिचकारी मारायची? बिडकीनच्या मातीत वाढलेल्या माणसाला असलं शिकवलेलं नसतं. सर्जेराव खाकरले. म्हणाले, आप्पासाहेब देवमाणूस होते. इंद्रजीतशेठ पोटच्या पोरासारखे. आज इथं जो मान मिळाला तो साऱ्या कामगारांचा. सगळ्यांनी मिळून काहीतरी चांगला मार्ग काढावा. एवढं बोलून त्यांनी हात जोडले आणि खाली बसले.

दिवसभरात त्यांच्याइतक्या टाळ्या कुणालाच पडल्या नाहीत. टाळ्या थांबल्यावर त्यांनी वळून मागं पाहिलं. विशाखा आणि दीपमाला जिथं बसल्या होत्या त्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

घरी आले तर विशाखा विहारात निघाली होती. "जेवलात का?" तिनं विचारलं. ते हो म्हणाले. ती गेली. त्या दिवसापासून ती बैठकीबद्दल अवाक्षर बोलली नाही, आणि सर्जेरावांना ते शिव्यांपेक्षा जड गेलं. शेडमध्ये तरी कुणी टोचून बोलेल अशी आशा होती. पण फकिरा म्हणाला, "जाऊ द्या मामा. आमच्यातल्या कुणाच्या तोंडून तरी कुठं शब्द निघाला असता?" माणूस असा समजूतदार निघाला की मग रागवायलाही जागा उरत नाही.

कायदा व्हायचा तो झाला. फलकावर कागद लागला. पहिल्या पगाराला पोरं खुश होती, कारण वरच्या तासांचे पैसे खरंच मिळाले. पुढं ऑर्डर असली की सलग बारा-बारा तास आणि नसली की "दोन दिवस येऊ नका" असं सुरू झालं. आठवड्याची गोळाबेरीज कागदावर बरोबर, माणूस मात्र कधी पिळून निघालेला, कधी रिकामा. इंद्रजीतचं तरी भलं झालं म्हणावं, तर तेही नाही. सगळ्या शेडी बारा तास चालतात हे कळल्यावर मोठ्या कंपनीनं माल द्यायची मुदतच आखडून घेतली. ज्याला त्यानं मोकळीक समजलं होतं तो नवा फास निघाला. आता तो रात्री उशिरापर्यंत केबिनमध्ये बसलेला असतो, आणि सर्जेरावांना म्हणतो, "काका, झोप नाही लागत हो." सर्जेराव त्याला गरम पाणी प्यायला सांगतात. दुसरं काय सांगणार?

विशाखाच्या कारखान्यात संमती घ्यायला पोरींची सभा झाली. तिथल्या मॅनेजरनं भिंतीवर चित्रं दाखवली. त्यात एक फोटो होता: हॉल, फुलं, शाल पांघरलेले हात जोडून उभे सर्जेराव. खाली लिहिलं होतं की कामगारांच्या ज्येष्ठ प्रतिनिधींशी विचारविनिमय झालेला आहे. पोरींनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा विशाखाकडे. सगळ्यांच्या आधी विशाखानं सही केली. हे तिनं घरी सांगितलं नाही. दीपमालानं चंपाबाईंना सांगितलं, आणि चंपाबाईंनी दोन दिवस मनात ठेवून मग नवऱ्याला.

विहारातली पोरं काही दिवस पायरीवर येऊन बसली. ताईची गाडी आठनंतर यायची. मग एकेक करून यायची थांबली. ज्यांना परवडलं त्यांनी क्लास लावला, बाकीच्यांनी गणित सोडून दिलं. सर्जेराव एकदा सवयीनं त्या पायरीवर जाऊन बसले. आत कुणी नव्हतं. लगेच उठले.

शेवटी न राहवून त्यांनी रजा टाकली आणि शहरात सरकारी कचेरीत गेले. दोन-तीन खिडक्या फिरल्यावर एक कारकून सापडला. तोही दमलेलाच होता, पण भला होता. त्यानं बसायला खुर्ची दिली.

"साहेब, त्या बैठकीत मपलं बोलणं राह्यलं," सर्जेराव म्हणाले. "मी व्हय म्हणलो नव्हतो. नायबी म्हणलो नाय, ती चूक झाली. आता मपली हरकत लिहून घेता का?"

कारकुनानं कुठली बैठक, केव्हाची, सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाला, "काका, ती मंडळाची खासगी बैठक. साहेब पाहुणे म्हणून आले असतील. आमच्याकडं तिची नोंदच नाही. हरकत लेखी द्यायची असते, मुंबईला. मुदत कधीच संपली." जरा थांबून तो पुढं म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका. तिथं तुम्ही कितीही बोलला असतात तरी ते कुठंच पोचलं नसतं."

कचेरीतून बाहेर पडताना सर्जेरावांना आधी हलकं वाटलं. छावणीच्या रस्त्याला लागेपर्यंत ते हलकेपण गेलं. इतके महिने ते स्वतःला अपराधी समजत होते, आपल्या एका गप्प राहण्यानं एवढं सगळं झालं म्हणून रात्र रात्र कूस बदलत होते. आता कळलं की त्यांच्या बोलण्याला तर नाहीच, गप्प राहण्यालाही तिथं कुणी हिशेबात धरलं नव्हतं. फार थकवा आला. गाडी कडेला घेऊन ते थोडा वेळ नुसते उभे राहिले.

रात्री विशाखा आली. चप्पल काढली, हातपाय धुतले आणि भिंतीला टेकून जेवायला बसली. चंपाबाईंनी ताट वाढलं. सर्जेराव समोर बसले. आज बोलायचंच असं ठरवून बसले होते.

"विशाखा, आज कचेरीत जाऊन आलो. ते म्हणले, मी बोललो असतो तरी काय फरक पडला नसता. तिथलं बोलणं वर जातच नाय."

विशाखानं भाकरीचा तुकडा मोडला. "ते मला तवाच ठावं होतं, बाबा."

"मंग?"

"मंग काय? मी काय त्या साहेबासाठी आले नव्हते. मी तुमचं ऐकायला आले होते." तिचा आवाज चढला नाही; चढवायला अंगात बळ नसावं. "लहानपणापासून मला सांगितलंत ना, संध्याकाळ कुणी फुकट देत नाय म्हणून? मला वाटलं, आज बाबा ते सगळ्यांपुढं सांगतील. सरकारनं नसतं ऐकलं. मी ऐकलं असतं. दीपमालानं ऐकलं असतं. आम्हाला सही करतानी लाज तरी वाटली नसती."

चंपाबाई चुलीकडे तोंड करून उगाच भांडी सारखी करत राहिल्या.

मग विशाखाच म्हणाली, "आता बोला. काय बोलणार होतात?"

"आता? आता कशाला?"

"बोला की. मी ऐकायलेय."

सर्जेराव सावरून बसले. खाकरले. आधी लाजले, मग सुरू झाले, ते केबिनच्या दारात बोलायचे तसंच, सावकाश.

"साहेब, मी सर्जेराव. उभा जन्म प्रेसवर गेला. तुम्हाला तासाचं मी काय सांगावं? घड्याळ तुमच्याकडंबी हाये. मी मपल्या बापाचं सांगतो. बाप सालगडी होता. त्याच्या कामाला तास नव्हते. दिस उगवायच्या आधी जायचा, मालक जा म्हणला की यायचा. गावातली लोकं म्हणायची, तुझा बाप लई हसवतो, लई गोड गाणं म्हणतो. रानात म्हणत असंल, साहेब. आम्ही घरातल्यांनी ते कधी ऐकलंच नाय. मला बापाचं तोंड आठवतं ते निजलेलंच. आम्ही भावंडं त्याच्या भवती बसून नुसती बघत ऱ्हायचो, आता उठंल, मंग उठंल. माय म्हणायची, त्याला उठवू नका रे, बेजार होऊन आलाय. साहेब, मपलं म्हणणं एवढंच, की..."

त्यांनी मान वर केली. विशाखाचं डोकं भिंतीला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं. हात ताटातच होता, बोटांत भाकरीचा तुकडा. कधी झोप लागली ते कळलंही नव्हतं.

चंपाबाई पुढं आल्या. ताट हळूच ओढून घेतलं, ओल्या फडक्यानं लेकीची बोटं पुसली.

"उठवू नका," त्या म्हणाल्या. "सकाळी साडेसहाला गाडी येती तिची."

सर्जेराव जागचे हलले नाहीत. पोरीच्या तोंडाकडे बघत बसून राहिले.